पॅकमॅनचे पोर्ट दिसतात सारखे, मग हाताला वेगळे का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा होता की पॅकमॅनचे जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर आणि हँडहेल्डवर (हातात धरून खेळायच्या मशीनवर) ढीगभर पोर्ट आहेत, म्हणजे मूळ गेमच्या दुसऱ्या मशीनसाठी केलेल्या आवृत्त्या, बहुतेकांचं चित्र बघितल्या बघितल्या ओळखू येतं, तरी काही पोर्ट दोन मिनिटांत "अरे, हा तो नाही" असं का वाटायला लावतात. आणि स्वतः १६० बाय १४४ स्क्रीनच्या छोट्या हँडहेल्डसाठी लिहायचा झाला तर सुरुवात कुठून करायची. मी बरीच वर्षं झेड८० आणि ६५०२ या जुन्या प्रोसेसरवर असेंब्लीत (प्रोसेसरच्या थेट भाषेत) जुने गेम इकडून तिकडे नेतोय, त्यामुळे उत्तर लांबणार. पण आधीच सांगून टाकतो: पॅकमॅनची खरी ओळख भुतांच्या वागण्यात आणि वळणावरच्या टायमिंगमध्ये आहे. ज्याने ते सांभाळलं त्याचा पोर्ट चार रंगांतही चालतो, ज्याने नुसतं चित्र सांभाळलं त्याचा सोळा रंगांतही चालत नाही.

आधी मूळ मशीन. १९८० साली जपानमध्ये नामकोने काढलं, डिझाइन तोरू इवातानीचं, अमेरिकेत त्याच वर्षी मिडवेने आणलं. आत ३.०७२ मेगाहर्ट्झचा झेड८०, प्रोग्रॅम १६ केबी, आणि स्क्रीन उभा, म्हणजे २२४ पिक्सेल रुंद आणि २८८ उंच. ८ बाय ८ पिक्सेलच्या टाइल, म्हणजे चौकोन, मोजल्या तर २८ बाय ३६, त्यातला मेझ (भिंतींचा भूलभुलैया) २८ बाय ३१, बाकी वर स्कोअर आणि खाली लाईफ आणि फळं. घरातला टीव्ही मात्र आडवा. पुढची निम्मी भानगड इथूनच सुरू होते.

३१ टाइल म्हणजे २४८ पिक्सेल उंची. झेडएक्स स्पेक्ट्रमला १९२ ओळी, कमोडोर ६४ ला २००, आयबीएम पीसीच्या सीजीए कार्डला २००. अहो, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला लावायच्या मशीनला २४० असून तिथेही ८ कमीच पडतात, म्हणून फॅमिकॉमवर मेझ आक्रसलेला आणि स्कोअर उजव्या बाजूला ढकललेला दिसतो. (आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला लावायचे जे व्हिडीओ गेम आले ते बहुतेक फॅमिकॉमचेच क्लोन, आणि "इतके इन वन"वाल्या कॅसेटमध्ये हाच १९८४ चा पॅकमॅन असायचा, त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळ जणांनी ज्याला मूळ मानलं तो हा पोर्ट आहे.)

आता मेझ बसत नाही म्हटल्यावर दोनच रस्ते आहेत. एक, टाइलची संख्या तीच ठेवायची आणि टाइल लहान करायची. दोन, टाइल आहे तेवढी ठेवायची आणि मधल्या काही ओळी सरळ काढून टाकायच्या. दुसरा रस्ता सोपा, चित्रही मोठं आणि छान दिसतं, म्हणून पुष्कळांनी तो धरला. आणि तिथेच गेम हातातून गेला, कारण भुतांचं सगळं गणित टाइलमध्ये आहे.

ते गणित जरा जवळून बघू, कारण पोर्ट पास की नापास ते इथे ठरतं. लाल भूत म्हणजे ब्लिंकी, त्याचं लक्ष्य तुम्ही ज्या टाइलवर आहात तीच टाइल. गुलाबी पिंकी तुमच्या तोंडाच्या दिशेला ४ टाइल पुढे नेम धरते. निळसर इंकी तुमच्या पुढची दुसरी टाइल घेतो, ब्लिंकीपासून त्या टाइलपर्यंत रेघ मारतो आणि ती रेघ दुप्पट लांबवतो, जिथे टोक येईल ते त्याचं लक्ष्य. नारिंगी क्लाइड ८ टाइलपेक्षा लांब असेल तर ब्लिंकीसारखा थेट येतो, आणि ८ च्या आत आला की डाव्या खालच्या कोपऱ्याकडे वळतो. बस, चौघांचा "स्वभाव" एवढाच. चौकात आलं की लक्ष्यापासून सरळ रेषेत सगळ्यात जवळची टाइल निवडायची, बरोबरी झाली तर वर, डावीकडे, खाली, उजवीकडे हा अग्रक्रम, आणि आपण होऊन मागे फिरायचं नाही. यात कुठेही रस्ता शोधणं वगैरे नाही, झेड८० ला ते परवडलंच नसतं.

यावर घड्याळ आहे. पहिल्या लेव्हलला ७ सेकंद भुतं आपापल्या कोपऱ्यात पांगतात, मग २० सेकंद पाठलाग, परत ७, परत २०, मग ५, २०, ५, आणि त्यानंतर कायमचा पाठलाग. मोड बदलला की सगळी एकदम उलटी फिरतात. खेळताना तुम्हाला जो श्वास घ्यायला वेळ मिळतो तो इथून येतो. घाईत लिहिलेल्या पोर्टमध्ये पांगणं हा प्रकारच नसतो, भुतं सतत अंगावर येतात किंवा चौकाचौकात नाणं उडवून वळतात. चित्र कितीही सुंदर असू दे, असा गेम खेळून दमायला होतं, शिकायला काही मिळत नाही. मूळ मशीनवर सगळं ठरलेलं आहे, तेच वळण त्याच क्षणी घेतलं तर भुतंही तसंच उत्तर देतात, म्हणून तर लोकांनी पॅटर्न पाठ केले. पॅकमॅनने मोठी गोळी खाऊन निळी झाल्यावर भुतं जी वेडीवाकडी पळतात तेही खोटं रँडम आहे, नवीन लेव्हल किंवा नवीन लाईफ सुरू झालं की तो क्रम परत पहिल्यापासून चालू होतो.

एक बगसुद्धा आहे आणि तो ठेवायचाच. तुम्ही वर बघत असाल तेव्हा पिंकीचा नेम ४ टाइल वर तर जातोच, पण ४ टाइल डावीकडेही सरकतो, बेरीज करताना एक बाइट ओसंडते म्हणून. इंकीच्या २ टाइललाही तेच होतं. "सुधारलेल्या" पोर्टमध्ये हे दुरुस्त करतात, आणि मग जुन्या खेळाडूला पिंकीच्या तोंडावर जाऊन तिला वळवायची जी सवय असते ती चालेनाशी होते.

वळणाचंही तसंच. पॅकमॅन चौकाच्या मध्यावर पोचायच्या आधीच वळू शकतो, कोपरा कापतो, भुतांना ते जमत नाही. प्रत्येक वळणावर तुम्ही काही पिक्सेल कमावता. आणि टिपका खाताना पॅकमॅन एक फ्रेम थांबतो, मोठ्या गोळीला तीन फ्रेम, म्हणून टिपक्यांच्या गल्लीत भूत जवळ येतं आणि रिकाम्या गल्लीत मागे पडतं. बोगद्यात भुतांचा वेग निम्म्याच्या आसपास येतो. या चार गोष्टी काढल्या की जे उरतं ते एका वेगाने फिरणारं पिवळं वर्तुळ.

आता सगळ्यांचा नावडता पोर्ट, अटारी २६०० या टीव्हीला लावायच्या मशीनचा, मार्च १९८२ चा, टॉड फ्रायने लिहिलेला. याला शिव्या घालणं सोपं आहे आणि गेम म्हणून मलाही तो आवडत नाही, पण ज्याने त्या मशीनवर कधी एक रेघ काढायचा प्रयत्न केलाय तो जरा जपून बोलेल. मेमरी १२८ बाइट. किलोबाइट नाही, बाइट. चित्र साठवायला जागाच नाही, टीव्हीचा किरण एक ओळ काढत असतो तेवढ्यात, प्रोसेसरच्या ७६ सायकलमध्ये, त्या ओळीत काय दिसायचं ते चिपच्या रजिस्टरमध्ये भरायचं आणि पुढच्या ओळीला परत. पार्श्वभूमीला २० बिट, उरलेला अर्धा स्क्रीन त्याचाच आरसा किंवा कॉपी. हलणारी मोठी चित्रं दोन. लक्षात घ्या, दोन, आणि गेममध्ये पात्रं पाच. फ्रायने एक पॅकमॅनला दिलं आणि दुसरं चार भुतांत वाटलं, म्हणजे एका फ्रेमला एकच भूत, प्रत्येकाची पाळी चौथ्या फ्रेमला. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक भूत १५ वेळा दिसतं. तेच ते प्रसिद्ध लुकलुकणं.

मेमरीचाही हिशोब करून बघा. आर्केडमध्ये २४० टिपके आणि ४ मोठ्या गोळ्या. प्रत्येकाला एक बिट धरला तरी ३१ बाइट, आणि आळीपाळीने दोन जण खेळणार तर दोघांचे वेगळे ठेवायला लागतात, म्हणजे ६१, जवळपास निम्मी मेमरी नुसती टिपक्यांत. म्हणून त्या पोर्टमध्ये टिपके कमी, गोल नसून आडव्या रेघा, बोगदा डावी-उजवीकडे नसून वर-खाली, आणि फळाच्या जागी चौकोनी तुकडा. हे सगळं ४ केबीच्या कॅसेटमध्ये. खप प्रचंड झाला, त्या मशीनवरचा तो सगळ्यात जास्त विकला गेलेला गेम, आणि तरीही कॅसेट उरल्याच. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत अटारीने जो माल पुरला, तो २०१४ ला उकरला तेव्हा त्यात पॅकमॅनही सापडला.

पण माझ्या मते २६०० ची खरी शिकवणी पुढच्या वर्षी झाली. मिस पॅकमॅन, तेच मशीन, तेच १२८ बाइट, फक्त कॅसेट ८ केबीची, जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनच्या लोकांनी केलेली. त्यांनी भुतं सरसकट पाळीने दाखवली नाहीत. दोन भुतं वेगवेगळ्या उंचीवर असतील तर एकाच फ्रेममध्ये वरचं काढून झालं की तेच हार्डवेअर खाली दुसऱ्याला वापरायचं, आणि एकाच पट्ट्यात आली तरच लुकलुकू द्यायचं. बहुतेक वेळ भुतं स्थिर दिसतात, मेझ ओळखू येतो, खेळायला मजा येते. खूप नंतर डेनिस डेब्रो या हौशी प्रोग्रॅमरने २६०० वर ४ केबीतच आर्केडच्या बराच जवळ जाणारा पॅकमॅन करून दाखवला. तेव्हा मशीनवर सगळा दोष टाकता येत नाही, वेळ आणि तंत्र दोन्ही लागतं, आणि १९८२ मध्ये ते तंत्र अजून तयार होत होतं.

स्प्राइटची, म्हणजे हार्डवेअर स्वतः काढतं त्या हलणाऱ्या चित्रांची, ही अडचण बाकी मशीनवरही आहे, फक्त सौम्य. एमएसएक्स कॉम्प्युटरमधली टीएमएस९९१८ ही चित्राची चिप एका ओळीत ४ स्प्राइट दाखवते, पाचवा गायब, आणि प्रत्येक स्प्राइटला एकच रंग, म्हणजे डोळे पांढरे करायचे तर अजून एक स्प्राइट. फॅमिकॉमला ओळीला ८, पण प्रत्येक ८ पिक्सेल रुंद, १६ पिक्सेलचं एक पात्र दोन खातं, पाच पात्रं एका आडव्या गल्लीत आली की १० झाले. कमोडोर ६४ ला ८ स्प्राइट असल्यामुळे हा प्रश्नच नाही. स्पेक्ट्रमला स्प्राइटच नाहीत, सगळं प्रोसेसरनेच रंगवायचं, आणि ८ बाय ८ च्या चौकोनात दोनच रंग, त्यामुळे निळ्या भिंतीजवळून पिवळा पॅकमॅन गेला की रंग एकमेकांत मिसळतात. आणि ४८के मॉडेलवर आवाजाला एक बिट, आवाज काढत असताना प्रोसेसरला दुसरं काही करता येत नाही, मूळचे तीन चॅनेल विसरा.

अटारी ४००/८०० चा पोर्ट त्या काळातल्या चांगल्यांपैकी. त्याचाच जवळचा भाऊ अटारी ५२०० वर आला, चित्र छान, आणि स्टिक अशी दिली की हात सोडला तरी मध्यावर परत येत नाही. चार दिशांच्या गेमला असली अॅनालॉग स्टिक म्हणजे सगळी मेहनत पाण्यात, कारण आर्केडची स्टिक चारच दिशांची होती, तिरकं जाताच यायचं नाही. ही गोष्ट हँडहेल्डला परत येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

क्लोनचा, म्हणजे अधिकृत नसलेल्या नकलांचा, विषय टाळता येत नाही, कारण काही क्लोन अधिकृत पोर्टपेक्षा सरस होते. अॅपल २ वर ब्रायन फिट्झगेराल्डचा टॅक्समन इतका बरोबर होता की अटारीने आपला अधिकृत अॅपल पोर्ट त्याच्यावरूनच केला. उलट टोकाला ओडिसी २ या टीव्हीला लावायच्या मशीनवरचा के. सी. मंचकिन, एड अॅव्हरेटचा, त्यात टिपके फक्त १२ आणि तेही हलणारे, मेझही वेगळा, म्हणजे डोकं लावून केलेला स्वतंत्र गेम, तरी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने अटारीची बाजू घेतली आणि त्याची विक्री थांबली. मला त्या निकालाचं आजही वाईट वाटतं. बीबीसी मायक्रोवर एकॉर्नसॉफ्टने स्नॅपर काढला, पहिली आवृत्ती फारच पॅकमॅनसारखी म्हणून नंतर पात्रं बदलावी लागली.

आता तुमच्या कामाचं, हँडहेल्ड. सुरुवातीची जी होती, कोलेकोचं छोटं टेबलटॉप आर्केड किंवा टोमीचं पिवळं गोल मशीन, १९८१ च्या आसपासची, त्यांना पोर्ट म्हणणं जरा जड जातं, कारण त्या डिस्प्लेत पिक्सेल नसतात. प्रत्येक आकृती काचेत आधीच कापलेली असते, ती पेटवायची किंवा विझवायची. पात्र सरकत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतं. कोपरा कापणं वगैरे तिथे शक्यच नाही.

गेम बॉयचा पोर्ट (जपानमध्ये १९९०, अमेरिकेत १९९१) तुमच्यासाठी नीट अभ्यासायचा, कारण स्क्रीन तुमच्याइतकाच, १६० बाय १४४. त्यात दोन मोड आहेत: पूर्ण आकाराचा मेझ स्क्रोल होतो, किंवा अर्ध्या आकाराचा अख्खा दिसतो. स्क्रोलवाला बघायला सुंदर, पण हिशोब करा, २२४ बाय २४८ पैकी एका वेळी साधारण ४० टक्के मेझ दिसतो. पॅकमॅन हा पुढचं बघून ठरवायचा गेम आहे, इंकीचं लक्ष्य ब्लिंकी कुठे आहे त्यावर ठरतं आणि ब्लिंकीच स्क्रीनबाहेर असेल तर इंकी काय करणार ते कसं कळणार? क्लाइडची वळायची सीमा ८ टाइल म्हणजे ६४ पिक्सेल, आणि पॅकमॅन मध्यावर धरला तर वर-खाली दिसतं ७२ पिक्सेल. म्हणजे तो दिसतो न दिसतो तोच वळतो, आणि येतोय की जातोय हे बघायला तुमच्याकडे एक टाइलचं अंतर उरतं. म्हणून मी अर्ध्या आकाराच्या बाजूचा आहे. ८ ची टाइल ४ ची केली की मेझ ११२ बाय १२४ होतो, आरामात बसतो, बाजूला ४८ पिक्सेल उरतात तिथे स्कोअर आणि लाईफ. भुतं बारीक दिसतील, डोळे कदाचित एकेका पिक्सेलचे, चालेल. रंगीत स्क्रीन असेल तर रंगाने ओळखता येतात, आणि नसेल तर भुतांना वेगवेगळे आकार द्या, कारण कोण कोण आहे ते कळलंच पाहिजे.

निओ जिओ पॉकेट कलरचा १९९९ चा पोर्ट हँडहेल्डमध्ये माझा सगळ्यात आवडता. कारण चित्र नाही, कारण एक प्लॅस्टिकची कडी. त्या मशीनची स्टिक आठ दिशांची, तर गेमच्या डब्यात एक कडी यायची, ती स्टिकभोवती बसवली की स्टिक फक्त चार दिशांना जायची. ज्याने हे ठरवलं त्याला हा गेम कळला होता. २००६ चा आयपॉडवाला पोर्ट बघा याच्यासमोर, क्लिक व्हीलवर वर-खाली-डावी-उजवी, अंगठ्याला कडच लागत नाही.

तुम्हाला कडी देता येणार नाही, तर ते काम कोडमध्ये करा. दोन दिशा एकदम दाबल्या गेल्या तर सध्या चालू असलेली दिशा बाजूला ठेवा आणि दुसरी धरा, ती बाजू मोकळी असेल तर वळा, नसेल तर सरळ चालू द्या. खेळाडू वळणाच्या आधीच बटण दाबून ठेवतो, त्याला पुढचं मोकळं वळण आपोआप मिळालं पाहिजे. एवढं केलं की निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

आणि लिहिताना लॉजिक आणि चित्र पूर्ण वेगळं ठेवा. आतल्या आत २८ बाय ३१ टाइल, टाइलला ८ एकक, पॅकमॅन आणि भुतं त्याच एककात हलतात, स्क्रीनला फक्त शेवटी काढताना दोनाने भागायचं. ४ पिक्सेलच्या टाइलवर थेट लॉजिक लिहिलं तर वेगातले बारीक फरक धरता येत नाहीत. पहिल्या लेव्हलला पॅकमॅन कमाल वेगाच्या ८० टक्के आणि भुतं ७५ टक्के, हा ५ टक्क्यांचा फरकच तुम्हाला वाचवतो. मूळ प्रोग्रॅममध्ये यासाठी अपूर्णांक नाहीत, प्रत्येक वेगाला ३२ बिटची एक पट्टी आहे, दर वेळी ती एक घर फिरवायची, बाहेर १ आला तर एक पिक्सेल पुढे, ० आला तर थांब. इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं की आजही मी तेच वापरतो, भागाकार नसलेल्या चिपवर तर दुसरं काही शोधूच नका.

मूळ वागणं किती मोलाचं आहे त्याचा सगळ्यात सरळ पुरावा सायमन ओवेनच्या कामात आहे. त्याने आधी सॅम कूपे या घरगुती कॉम्प्युटरसाठी आणि मग स्पेक्ट्रम +२ए आणि +३ साठी पॅकमॅन परत लिहिलाच नाही. आर्केडमध्ये झेड८०, यातही झेड८०, मग आर्केडचा मूळ कोड आहे तसाच चालवला आणि फक्त चित्र, आवाज आणि कंट्रोल त्या मशीनला समजतील असे करून दिले. +२ए आणि +३ च का, तर आर्केडचा प्रोग्रॅम मेमरीच्या पहिल्या १६ केबीत बसतो, तिथे साध्या स्पेक्ट्रममध्ये रॉम (न बदलता येणारी मेमरी) असते आणि या दोन मॉडेलमध्ये ती काढून पूर्ण रॅम (बदलता येणारी) लावता येते. चित्र आक्रसलेलं, रंग कमी, पण खेळायला घेतलं की पाठ केलेले पॅटर्न चालतात, पिंकीचा बग आहे, आणि २५६ व्या लेव्हलला ८ बिटचा आकडा ओसंडून अर्धा स्क्रीन फुटतो तेही आहे.

तुमचा पोर्ट तपासायचा तर असं करा. पहिल्या लेव्हलचा एक ठराविक पॅटर्न घ्या, बटणं कोणत्या फ्रेमला दाबली त्याची नोंद ठेवा आणि तीच नोंद पुन्हा पुन्हा चालवा, दर वेळी भुतं त्याच टाइलवर यायला हवीत. मग बघा ७० व्या आणि १७० व्या टिपक्याला फळ येतंय का, शेवटचे २० टिपके उरले की ब्लिंकी वेग वाढवतोय का, आणि निळं होण्याचा वेळ पहिल्या लेव्हलच्या ६ सेकंदांवरून कमी होत १९ व्या लेव्हलपासून शून्यावर येतोय का. हे जमलं की मग रंग आणि आवाज घ्या हातात, आवाजात आधी सायरन, कारण टिपके कमी होत जातात तसा त्याचा सूर चढतो आणि खेळाडू मेझ न मोजता त्यावरून अंदाज घेतो.